वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडरबाई

जिंजीचा किल्ला मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्या किल्ल्यापासून पूर्वेस थोड्याच कोसांवर तिंडिवनम् नांवाचें गांव आहे. आणि सन १६७८ मध्यें मराठ्यांच्या फौजेनें जो वेल्लोरचा किल्ला दीर्घ वेढ्यानंतर घेतला, तोही त्याच मुलखांत आहे. आज ज्या बाईंचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या आयुष्याची दिशा तिंडिवनम् येथें एका रात्रींत ठरली, व तें सर्व आयुष्य वेल्लोर येथें खर्ची पडलें.

स्कडर घराणें अमेरिकेंतील. आयडाबाईंचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे सन १८१९ मध्यें न्यूयॉर्क येथील आपला चांगला चाललेला वैद्यकीचा धंदा सोडून सिलोनास आले, व पुढें मद्रास इलाख्यांत राहिले. त्यांचे सात पुत्र हिंदुस्थानांतच मिशनरी झाले, व अर्काट मिशन या घराण्याच्याच श्रमांनीं उभें राहिलें. अशा घरीं ता. ९ डिसेंबर १८७० रोजीं राणीपेट येथें आयडा सोफाया स्कडर जन्मास आली. भावांच्या पाठीवरची ही एकुलती एक मुलगी.

ती सहा वर्षांची असतां सन १८७६ चा मोठा दुष्काळ पडला. आपल्या दक्षिणेंतही त्या दुष्काळानें केवढा हाहाकार केला हें वृद्धांच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकिलें असेल. मिशनच्या आवारांत उपाशी मुलांच्या रांगा बसत. कित्येक मुलें इतकीं क्षीण झालीं होतीं कीं, हातांत दिलेली भाकर तोंडाकडे नेण्याचें त्राण त्यांच्यांत उरलें नव्हतें. म्हणून लहानगी आयडा तुकडे मोडून त्यांच्या तोंडांत घालीत असे. या दृश्यांनीं तिच्या मनांत सेवेची आवड उत्पन्न झाली असें लिहिणें आम्हांस सोपें आहे, पण तें खरें होणार नाहीं. खरें असें कीं, त्यामुळें तिला या देशाचा कंटाळा आला. लौकरच ती अमेरिकेंत शिक्षणास गेली, नॉर्थफील्ड येथें मूडीसाहेबांच्या शाळेंत शिकली, आणि पुन्हां हिंदुस्थानांत यावयाचें नाहीं असा तिनें निश्चय केला. मिशनऱ्यांच्या घरांत जन्मलेल्या मुलांस मिशनची आवड जन्मतःच असते अशी आपल्या मंडळ्यांत जी समजूत आहे, तिला हें एक चांगलें उत्तर आहे.

सन १८९० मध्यें आईच्या दुखण्यामुळें तिला थोड्या दिवसांकरितां परत यावें लागलें. वडील, धाकटे डॉ. जॉन स्कडर, त्या वेळीं तिंडिवनम् येथें दवाखाना चालवीत होते. आईची शुश्रूषा करावी, मुलींच्या शाळेवर देखरेख ठेवावी, आणि आईला बरें वाटतांच अमेरिकेस निघून जावें असा तिचा बेत होता.

एके रात्रीं ती आपल्या खोलींत वाचीत बसली असतां एक तरुण ब्राह्मण दारीं आला. त्याची बायको, अगदीं कोवळ्या वयाची मुलगी, बाळंतपणांत अडली होती, व सुईणीनें हात टेकले होते. आयडानें आपल्या वडिलांस हांक मारण्याची तयारी दाखविली. परपुरुषानें आपल्या बायकोस पाहावें हें त्या गृहस्थास चालण्यासारखें नव्हतें. त्याला बाईच पाहिजे होती. आयडाला वैद्यकीचें कांहींच ज्ञान नव्हतें. तो निराश होऊन गेला. थोड्या वेळानें दुसरा आला, तो मुसलमान होता. त्याचीही अडचण तीच, व वडिलांस नेण्यास त्याचाही नकार तसाच. त्यानंतर तिसरा आला, तो पुन्हां हिंदु. तोही तसाच परत गेला. सकाळीं गांवांतून प्रेतयात्रेच्या वाद्यांचा आवाज येऊं लागला. तिनें चाकरास चौकशीस पाठविलें, तेव्हां त्या तिन्ही स्त्रिया रात्रींतच मरण पावल्या असें कळलें.

एवढी गोष्ट पुष्कळ मंडळ्यांत उपदेशाच्या वेळीं सांगितली जाते. ती सांगतांना त्या तिघां नवऱ्यांस दोष देण्याची आपल्याला संवय लागली आहे. ती आम्हांस बरोबर वाटत नाहीं. मध्यरात्रीं परधर्मीयाच्या बंगल्यापर्यंत चालत येणाऱ्या माणसाला आपल्या बायकोची काळजी नव्हती असें कोण म्हणेल? शिकविलेला डॉक्टर घरांत होता, औषधें होतीं, रोगी हांकेच्या अंतरावर होता; उणीव होती ती एवढीच कीं, डॉक्टरांच्या शाळांनीं निम्म्या मनुष्यजातीला बहुतेक ठिकाणीं बाहेर ठेविलें होतें. ही उणीव आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं सन १८८२ मध्यें पुणें येथें हंटरसाहेबांच्या कमिशनापुढें स्पष्ट बोलून दाखविली होती. येथील स्त्रियांकरितां स्त्री डॉक्टर तयार झाल्या पाहिजेत असें त्यांचें मागणें होतें. मद्रासेच्या सरकारी वैद्यकीय विद्यालयानें सन १८७५ मध्यें चार स्त्रियांस घेऊन दार किलकिलें केलें होतें, पण खेड्यापाड्यांतील अडलेल्या बाईपर्यंत त्याचा उपयोग फार थोडा पोंचला होता.

आयडानें त्याच दिवशीं आईबापांस सांगितलें कीं, आपण अमेरिकेस जाऊं, डॉक्टर होऊं व परत येऊं.

सन १८९५ मध्यें तिनें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें. हें तेंच विद्यालय कीं जेथून आपल्या आनंदीबाई जोशी सन १८८६ मध्यें पदवी घेऊन बाहेर पडल्या, व ज्यांचा तो पदवीदान समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या होत्या. पुरुषांच्या विद्यालयांनीं स्त्रियांस नाकारिलें म्हणूनच असलीं स्वतंत्र विद्यालयें काढावीं लागलीं होतीं. आयडा तेथें शिकत असतांच सन १८९८ मध्यें न्यूयॉर्क येथें कॉर्नेल विद्यापीठाचें नवें वैद्यकीय महाविद्यालय निघालें, व त्यांत स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें प्रवेश मिळूं लागला. ती तेथें गेली आणि सन १८९९ मध्यें डॉक्टर होऊन बाहेर पडली. स्त्रियांचें निराळें विद्यालय आणि स्त्रीपुरुषांचें एकत्र विद्यालय हीं दोन्ही तिनें स्वतः विद्यार्थिनी म्हणून पाहिलीं, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पन्नास वर्षांनीं तिचा संबंध पुन्हां येणार आहे.

निघण्यापूर्वीं वेल्लोर येथें स्त्रियांच्या इस्पितळाकरितां पैसे जमविण्याचें काम मिशनने तिच्याकडे दिलें. अपेक्षा आठ हजार डॉलरांची होती. पुष्कळ दारें ठोठावूनही रक्कम जमेना. एका घरीं ती आपली हकीकत सांगत असतां शेजारच्या खोलींत बसलेले शेल नांवाचे एक वृद्ध गृहस्थ ती ऐकत होते. त्यांनीं आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ एकट्यानें दहा हजार डॉलर दिले.

सन १९०० च्या आरंभीं डॉ. आयडाबाई वेल्लोरास पोंचल्या. वडिलांच्या हाताखालीं अनुभव घ्यावा अशी त्यांची फार इच्छा होती, परंतु त्याच वर्षीं वडील वारले. नुकतीच पदवी घेतलेल्या तरुण बाईवर विश्वास कोण ठेवणार? प्रथम रोगीच येईनात. बंगल्यांतील एका लहानशा खोलीच्या खिडकींतून औषधें देण्यास सुरुवात झाली. मदतीला बंगल्यांतील चाकराची बायको सलोमी, जिला औषधांचा गंधही नव्हता. पण सलोमी शिकली. जखम धुणें, पट्टी बांधणें, औषध मोजून देणें हें ती पाहून पाहून करूं लागली. पुढें वेल्लोरास जें विद्यालय झालें त्याचा पहिला वर्ग त्या खिडकीशीं भरला असें आम्ही समजतों. हळूहळू स्त्रिया येऊं लागल्या, आणि दोन वर्षांत रोग्यांची संख्या पांच हजारांवर गेली. सन १९०२ मध्यें चाळीस खाटांचें मेरी टेबर शेल इस्पितळ उघडलें.

गांवाबाहेरील लोकांस वेल्लोरास येणें कठीण, म्हणून बाईच त्यांच्याकडे जाऊं लागल्या. वेल्लोराहून गुडियातमच्या रस्त्यानें ठरलेल्या दिवशीं त्यांची गाडी निघे, व ठरलेल्या झाडांखालीं थांबे. पूर्वीं बैलगाडी होती. सन १९०९ मध्यें फ्रेंच बनावटीची एक लहान मोटारगाडी आली. बैलांवांचून धांवणारी ही गाडी पाहून लोक प्रथम शेतांत पळून गेले असें सांगतात. पुढें तेच लोक सूर्योदयापूर्वींपासून त्या झाडांखालीं वाट पाहूं लागले. गळवें, डोळ्यांचे विकार, खरूज, जळालेले हातपाय, महारोग, असे सर्व प्रकारचे रोगी तेथें येत. झाडाखालच्या रांगेंत कोण आधीं बसला एवढेंच पाहिलें जाई.

तथापि आयडाबाईंस लौकरच एक गोष्ट कळून चुकली. त्या स्वतः रात्रंदिवस राबल्या तरी दोन हातांनीं होईल तितकेंच काम होणार. तिंडिवनम् येथें त्या रात्रीं एका घरीं बाई डॉक्टर असती, तरी उरलेल्या दोन घरीं ती एकाच वेळीं कशी गेली असती? उपाय एकच होता, व तो म्हणजे या देशाच्या मुलींनीं स्वतः डॉक्टर होणें. सन १९०९ मध्यें त्यांनीं परिचारिकांची शाळा सुरू केली, आणि नंतर स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेची कल्पना काढली. उत्तरेस लुधियाना येथें डॉ. ईडिथ ब्राऊन यांनीं सन १८९४ पासून अशी शाळा चालविली होती. दक्षिणेंत मिशनांचें असें कांहीं नव्हतें. एकट्या मिशनला हा भार झेपणारा नव्हता, म्हणून निरनिराळ्या मिशनांनीं एकत्र येण्याची खटपट सुरू झाली. इतक्यांत पहिलें महायुद्ध आलें व पैशाचा ओघ आटला.

मद्रासेच्या सरकारी वैद्यकीय खात्याच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे बाई परवानगीस गेल्या, तेव्हां त्यांस फारशी आशा वाटली नाहीं. मुली येणारच नाहींत, निदान सहा आल्या तर शाळा काढावी, असा त्यांचा अभिप्राय पडला. प्रत्यक्षांत अर्ज इतके आले कीं, पुष्कळ मुलींस परत पाठवावें लागलें. सन १९१८ च्या ऑगस्ट महिन्यांत शाळा उघडली. स्वतःची इमारत नाहीं, भाड्याच्या घरांत वर्ग, उपकरणें अगदीं थोडीं, आणि शिकविण्याचा पुष्कळसा भार बाईंवरच. पहिल्या वर्षाच्या सरकारी परीक्षेस बसण्यापूर्वीं मुलींस सांगण्यांत आलें कीं, पुरुषांच्या शाळांतूनही थोडेच उत्तीर्ण होतात, तेव्हां अपयश आलें तर खचूं नये. निकाल लागला, तो वेल्लोरच्या चौदाही मुली उत्तीर्ण! त्याच चौदाजणी सन १९२२ मध्यें शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या.

ही शाळा एल. एम. पी. या परवान्याची होती, विद्यापीठाच्या पदवीची नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. पदवीचा मार्ग लांब व खर्चाचा. त्याला आधीं कॉलेजचें शिक्षण लागे. परवान्याचा मार्ग आंखूड, व शाळेचें शिक्षण संपविलेल्या मुलीला तो मोकळा होता. खेड्यांतील पाळकाची किंवा शाळामास्तराची मुलगी डॉक्टर होऊं शकली ती या मार्गानें. मंडळीनें किंवा मिशनने मुलीला पाठवावें, आणि तिनें शिकून परत मिशनच्या दवाखान्यांत सेवा करावी, हा प्रघात वेल्लोरास पडला तो पुढेंही टिकला. विद्यालयाचें ध्येय मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतून घेतलें आहे, जेथें प्रभु आपण सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास आल्याचें सांगतो. दार मात्र ख्रिस्ती मुलींपुरतेंच उघडें नव्हतें. इतर धर्मांच्या मुलीही तेथें शिकल्या.

अमेरिकेंतील ख्रिस्ती स्त्रियांनीं पौर्वात्य देशांतील स्त्रियांच्या कॉलेजांकरितां मोठा निधि जमविला, त्यांतून वेल्लोरासही वांटा मिळाला. या कामांत मिसेस लूसी पीबॉडी या पुढारी होत्या, व आयडाबाईंच्या त्या निकटच्या स्नेही. गांवांत नवें मोठें इस्पितळ झालें. टेकड्यांच्या पायथ्याशीं बागायम येथें विद्यालयाच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. बाईंस वाटलें, आतां विसाव्यास हरकत नाहीं.

परंतु सन १९३८ मध्यें मद्रास सरकारनें ठरविलें कीं, यापुढें परवान्याचें शिक्षण बंद करावें व डॉक्टर व्हावयाचें तर विद्यापीठाची एम. बी. बी. एस. हीच पदवी घ्यावी. सर्व जनतेला एकाच दर्जाचा डॉक्टर मिळावा, हा हेतु वाईट नव्हता. गरिबांना कमी शिकलेला व श्रीमंतांना अधिक शिकलेला असा भेद कां असावा? पण वेल्लोरवर त्याचा परिणाम असा झाला कीं, वीस वर्षें चाललेली शाळा मिटण्याची वेळ आली. पदवीकरितां अधिक खाटा, अधिक प्रयोगशाळा, उच्च पदव्या घेतलेले अध्यापक, आणि या सर्वांकरितां अपार पैसा पाहिजे होता. दर्जा वाढविला कीं दार अरुंद होतें, आणि दार रुंद ठेविलें तर दर्जा घसरतो अशी भीति असते. हा पेंच वेल्लोरापुरता नाहीं. तो सुटला आहे असेंही आम्ही म्हणणार नाहीं.

सन १९४१ मध्यें, वयाच्या सत्तरीच्या पुढें, दुसरें महायुद्ध पेटलेलें असतां, आयडाबाई अमेरिकेस गेल्या आणि गांवोगांव, मंडळीमंडळींतून, भाषणें करीत फिरल्या. इकडे महारोगाचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं धुरा घेतली, व सन १९४२ मध्यें मद्रास विद्यापीठानें पदवीच्या अभ्यासक्रमास तात्पुरती मान्यता दिली.

आणि येथेंच सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. पुरुषांकरितां असलेल्या मिशनच्या वैद्यकीय शाळांसही हीच अडचण आली होती. आपल्या मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं पुरुषांकरितां वैद्यकीय शिक्षण सुरू केलेलें वाचकांस ठाऊकच आहे. पदवीचें असें दुसरें विद्यालय उभारण्याची मिशनांची ताकद नव्हती. तेव्हां सर्व मंडळ्यांनीं व मिशनांनीं मिळून वेल्लोर हें एकच उत्तम विद्यालय करावें व त्यांत पुरुषांसही घ्यावें, असा विचार पुढें आला. त्याला अमेरिकेंतील जुन्या देणगीदार स्त्रियांनीं जोराचा विरोध केला, व त्यांत मिसेस पीबॉडी प्रमुख होत्या. त्यांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. पैसा स्त्रियांनीं स्त्रियांकरितां दिला होता. सर्व जगांत पुरुषांस विद्यालयें होतीं; स्त्रियांचें म्हणून जें थोडें होतें त्यांतही पुरुष आले म्हणजे कालांतरानें तेच खुर्च्यांवर बसतील व स्त्रिया पुन्हां दाराबाहेर जातील, अशी त्यांस भीति होती, आणि इतिहास पाहतां ती भीति निराधार नव्हती. आयडाबाईंनीं पुष्कळ दिवस मनाशीं झगडून अखेर एकत्र विद्यालयास संमति दिली. विद्यालयच बंद पडलें तर स्त्रियांस कांहींच उरणार नाहीं, हें त्यांना दिसत होतें. शिवाय न्यूयॉर्कचा आपला अनुभव त्यांच्यापाशीं होताच. या संमतीची किंमत त्यांस द्यावी लागली. जन्माचा स्नेह त्यापायीं दुरावला.

सन १९४७ मध्यें, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीं, वेल्लोरास पहिले पुरुष विद्यार्थी दाखल झाले. स्त्रियांची भरती मात्र चालूच राहिली, आणि विद्यालयाची सूत्रें आयडाबाईंच्या मागून डॉ. हिल्डा लाझरस यांच्याकडे आलीं. त्या विशाखापट्टणमच्या, त्या स्थानावर आलेल्या पहिल्या भारतीय. पीबॉडीबाईंची भीति निदान त्या पिढींत तरी खरी ठरली नाहीं.

बाईंच्या हयातींतच आणखी एक घटना घडली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मेरी वर्गीस नांवाची वेल्लोरचीच एक तरुण डॉक्टर सन १९५४ मध्यें मोटारीच्या अपघातांत सांपडली, व कमरेखालचें तिचें सर्व शरीर लुळें पडलें. दुसऱ्या कोणत्याही ठिकाणीं तिची डॉक्टरकी तेथेंच संपली असती. वेल्लोरास तिला चाकांच्या खुर्चींत बसवून पुन्हां शस्त्रक्रियेच्या खोलींत आणिलें. महारोग्यांच्या वांकड्या झालेल्या बोटांवरील शस्त्रक्रिया बसून करितां येतात, हें डॉ. पॉल ब्रँड यांनीं ओळखलें, आणि ती त्या करूं लागली. ज्यांच्या हातांस कोणी शिवत नसे ते रोगी, आणि जिचे पाय गेले ती डॉक्टरीण, अशीं तीं टेबलाच्या दोन बाजूंस बसत. पुढें परदेशांत विशेष शिक्षण घेऊन ती परत आली, व अपंगांस पुन्हां कामास लावण्याचा विभाग तिनेंच तेथें चालविला.

आयडाबाईंनीं लग्न केलें नाहीं. त्यांस टेनिसचा मोठा नाद होता, व म्हातारपणींही समोरच्या तरुणाला त्या दमवीत. त्यांचें नांव इतकें पसरलें होतें कीं, नुसतें डॉ. आयडा, हिंदुस्थान, एवढाच पत्ता लिहिलेलें पत्र टपालखात्यानें बिनचूक त्यांच्या हातीं दिलें. अखेरचीं वर्षें त्या कोडाईकनालच्या डोंगरावर हिलटॉप नांवाच्या आपल्या घरीं राहिल्या. तेथेंच सन १९६० च्या मे महिन्यांत, वयाच्या ८९ व्या वर्षीं, त्या प्रभूजवळ गेल्या. त्या वेळीं बागायमच्या वर्गांत मुली आणि मुलगे शेजारीं शेजारीं बसून शिकत होते.